प्रतिपक्षाच्या शेजारचें आसन

महाभारताच्या आदिपर्वांत द्रोणाचार्य आपल्या शिष्यांच्या अस्त्रविद्येची परीक्षा हस्तिनापूरच्या नागरिकांसमक्ष घेतात, तो प्रसंग वाचकांस ठाऊक आहेच. अर्जुनाचें कौशल्य पाहून सारी सभा एकमुखानें त्याचा जयघोष करीत असतां कर्ण रंगांत उतरतो, आणि पाहतां पाहतां प्रेक्षकांचे दोन तट पडतात. पुरुषांचेच नव्हे, तर स्त्रियांचेहि. क्षणापूर्वीं जे केवळ विद्येचे चाहते होते, ते आतां पक्षकार झाले. पुढें कृपाचार्य कर्णास त्याचें कुल विचारतात, आणि सामना व्हावयाचा तो राहूनच जातो. या कथेंत एक गोष्ट आम्हांस नेहमीं नवलाची वाटत आली आहे. प्रेक्षकांत फूट पडली, परंतु नागरिकांपैकीं कोणी उठून दुसरीकडे जाऊन बसल्याचें व्यास सांगत नाहींत. कोणी अर्जुनाचें, कोणी कर्णाचें, तर कोणी दुर्योधनाचें नांव घेत ते घरोघर परतले, एवढें मात्र सांगतात.

आजच्या फुटबॉलच्या मैदानावर हे प्रेक्षक शोधूं गेल्यास निराशा पदरीं येईल. इंग्लंड, इटली इत्यादि देशांत दोन संघांच्या चाहत्यांस निरनिराळ्या दारांनीं आंत घेतात, त्यांच्यामध्यें मोकळी जागा व रक्षकांची रांग असते, आणि सामना संपल्यावर पाहुण्या संघाच्या लोकांस कित्येकदां थोपवून धरून मग बाहेर सोडतात. अर्जेंटिनानें तर २०१३ सालीं पाहुण्या संघाच्या चाहत्यांस मैदानांत येण्याचीच मनाई केली. उलट त्याच इंग्लंडांत रग्बीच्या सामन्यास दोन्ही पक्षांचे लोक शेजारीं शेजारीं बसतात व त्यांतून सहसा अनर्थ ओढवत नाहीं. तेव्हां माणूस मूळचाच भांडखोर, म्हणून कुंपण हवें, हें उत्तर पुरेसें नव्हे. प्रतिपक्षाच्या चाहत्यास दूर बसविणें शहाणपणाचें असेल; पण तें योग्य आहे काय, आणि त्याच्या शेजारीं बसण्यांत असें काय आहे कीं जें गमावल्याचें आपणांस वाईट वाटावें?

शहाणपणाची बाजू प्रथम पाहूं. १६ ऑगस्ट १९८० रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असतां प्रेक्षकांत दंगल उसळली व चेंगराचेंगरींत १६ जण मेले. दोन्ही संघांचे चाहते तेथें एकत्र मिसळून बसले होते. ज्या घरचा मुलगा सामना पाहावयास म्हणून गेला व परत आला नाहीं, त्या घरीं जाऊन एकत्र बसण्याची थोरवी सांगण्याची आमची छाती नाहीं. परंतु कुंपणाच्या खात्यावरहि मृत्यु आहेत, आणि ते अधिक आहेत. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे चाहते, प्रेक्षकांनीं मैदानांत उतरूं नये म्हणून उभारलेल्या लोखंडी जाळ्यांशीं चिरडून मेले. मृतांचा आंकडा अखेर ९७ वर गेला. प्रतिपक्षाचे लोक तेथून दूर, मैदानाच्या दुसऱ्या टोकास होते. इंडोनेशियांतील मलंग येथें १ ऑक्टोबर २०२२ रोजीं तर पाहुण्या संघाच्या चाहत्यांस येण्याचीच बंदी होती. सारें मैदान एकाच पक्षाचें. तो पक्ष हरला, कांहीं लोक मैदानांत उतरले, पोलिसांनीं अश्रुधूर सोडला, आणि दारांकडे लोटलेल्या गर्दींत १३५ माणसें गेलीं. शत्रु दूर ठेवला म्हणजे निर्भय झालों, ही समजूत किती पोकळ आहे हें याहून स्पष्ट कोण सांगणार?

हा प्रश्न परक्या देशाचा व परक्या खेळाचा आहे असें कोणास वाटेल. तसें नाहीं. मुंबईच्या क्रिकेटनें तो आपल्या आजोबांच्या काळींच आपल्या दारांत आणून ठेवला होता. तेथें १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने होऊं लागले, १९०७ त हिंदु संघ आला, १९१२ त मुसलमान संघ येऊन ते चौरंगी झाले, आणि १९३७ त उरलेल्या सर्वांचा, म्हणजे ख्रिस्ती, यहुदी आदींचा, एक पांचवा संघ मिळून पंचरंगी झाले. संघ धर्माचा, जिमखाना धर्माचा, आणि अर्थात् प्रेक्षकाची बैठकहि बहुधा आपल्या जिमखान्याबरोबर. या सामन्यांच्या इतिहासांतील एक मौज सांगण्यासारखी आहे. १९३७ सालीं ब्रेबोर्न स्टेडियम नवें उभें राहिलें, आणि त्याच वर्षीं हिंदु संघ सामन्यांतून बाहेर पडला. धर्मावरून संघ पाडणें अनुचित वाटलें म्हणून नव्हे. आसनांच्या वांटपांत आपणांस न्याय मिळाला नाहीं म्हणून! एका पक्षानें सामना सोडावा एवढें मोल त्या काळच्या शहाण्यासुरत्या लोकांस आसनाचें वाटत होतें. आसन हें नुसतें बसावयाचें साधन असतें, तर असें झालें नसतें.

तरीहि ते सामने म्हणजे केवळ द्वेषाचा बाजार होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदूंविरुद्ध पांचव्या संघाकडून विजय हजारे खेळले. सांगलीचे हे ख्रिस्ती गृहस्थ. त्यांच्या संघानें दुसऱ्या डावांत ३८७ धावा केल्या, त्यांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! आज त्या सामन्याची आठवण काढणारा मराठी माणूस ही खेळी सांगतो; सामना हिंदूंनीं एका डावानें जिंकला, हें त्यास बहुधा आठवतहि नाहीं. पुढच्याच वर्षीं मुसलमान संघानें हिंदूंवर अवघ्या एका गड्यानें विजय मिळविला. देशाच्या फाळणीचा वाद ऐन भरांत असतां असा सामना खेळून पार पडावा, ही गोष्ट लहान नाहीं.

आमचा वर्धा जिल्हा या हकीकतींत येतो तो १९४० च्या डिसेंबरांत. विनोबांनीं पवनारहून १७ ऑक्टोबरास वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला होता, पुढारी तुरुंगांत जात होते, आणि अशा वेळीं पंचरंगी सामने खेळावे कीं नाहीं हें विचारण्यास हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधि मुंबईहून गांधीजींकडे वर्ध्यास आले. सामने बंद व्हावे असें म्हणणारांच्या बाजूनें गांधीजींनीं आपलें मत दिलें. जगांत युद्ध पेटलें असतां करमणूक शोभत नाहीं हें एक कारण. परंतु त्यांनीं पुढें जाऊन मूळ दुखण्यावर बोट ठेवलें. महाविद्यालयांचे व संस्थांचे सामने आपण समजूं शकतों, पण हिंदु, पारशी, मुसलमान असे संघ कां असावे हें आपणांस कधींच कळलें नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हिंदु संघ त्या वर्षीं खेळला नाहीं. पुढें तो परत आला, आणि सामने कायमचे बंद पडण्यास १९४६ साल उजाडावें लागलें.

गांधीजींच्या मताशीं आम्ही सहमत आहों. तरी एक शंका मनांतून जात नाहीं, ती येथें मांडतों. संघ एका धर्माचा असला म्हणजे त्यांतील माणसें तरी एकत्र बसतात, असें आपण गृहीत धरतों. पळवणकर बाळू हे त्या काळचे भारतांतील अग्रगण्य गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. चर्मकार कुलांत जन्मलेल्या या पुरुषास पुण्यास आपल्याच हिंदु संघांत खेळत असतां चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांतून मिळे, आणि जेवणाचें पान वेगळें. चेंडू शिवलेला चालत होता, पेला चालत नव्हता. हिंदु संघाचें नायकत्व त्यांस अखेरपर्यंत मिळालें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस १९२३ त मिळालें, व त्या वर्षीं हिंदूंनीं युरोपियनांचा पराभव केला. कृपाचार्यांचा प्रश्न द्वापरांतच संपला असें समजण्याचें कारण नाहीं. तेव्हां 'एकत्र' या शब्दानें आम्ही भुलत नाहीं. एका मांडवाखालीं बसलेल्यांतहि मधें न दिसणारी जाळी असूं शकते. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचीं दारें जमनालालजी बजाज यांनीं १९२८ त अस्पृश्यांस खुलीं केलीं, तेव्हां तोडली गेली ती जाळी या जातीची होती, आणि ती तोडण्यास नुसतें 'या, बसा' म्हणून भागलें नव्हतें.

अॅडम स्मिथनें १७५९ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत एका निःपक्षपाती प्रेक्षकाची कल्पना केली आहे. आपल्या वर्तनाचा न्याय करतांना माणसानें त्या प्रेक्षकाच्या डोळ्यांनीं पाहावें, असें तो सांगतो. मैदानावरचा प्रेक्षक निःपक्षपाती नसतो, नसावाहि; ज्यास कोणाचेंच कांहीं वाटत नाहीं तो सामना पाहावयास जाईलच कशाला? पण त्याच्या कोपराशीं प्रतिपक्षाचा मनुष्य बसला असला, म्हणजे स्मिथचा तो प्रेक्षक थोडाबहुत त्याच्या ठायीं उतरतो. ओठांवर आलेली शिवी शेजाऱ्याच्या कानांतून आपणांसहि ऐकूं येते. ३१ जानेवारी १९९९ रोजीं चेन्नईस पाकिस्तानच्या संघानें आपणांस १२ धावांनीं हरविलें, तेव्हां प्रेक्षकांनीं उभें राहून त्यांस टाळ्यांची मानवंदना दिली. त्या प्रेक्षकांविषयीं आम्हांस आदर आहे. पण दूर मैदानांत असलेल्या खेळाडूस टाळी देणें त्या मानानें सोपें. शेजारीं उड्या मारणारा त्याचा चाहता सहन करणें, ही खरी परीक्षा. आणि ती आपली झालेलीच नाहीं. १४ ऑक्टोबर २०२३ रोजीं अहमदाबादेस लाखावर लोक जमले, त्यांत पाकिस्तानचे चाहते जवळजवळ नव्हतेच.

आतां घरची गोष्ट. आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवितों त्याचा शेजारच्या एका महाविद्यालयाशीं दरवर्षीं फुटबॉलचा सामना होतो. धर्म एक, भाषा एक, विद्यार्थीहि बहुधा त्याच चारदोन तालुक्यांतले. गांधीजींनीं ज्यास हरकत घेतली नसती असाच हा सामना. पण कांहीं वर्षांपूर्वीं त्यांत दगडफेक झाली व एका मुलाच्या भुवईवर पांच टांके पडले. व्यवस्थेसाठीं नेमलेल्या समितींत आम्ही होतों. मधें बांबूचें कुंपण घालावें व दारें दोन करावीं, या ठरावास आम्हींहि हात वर केला. पुढचा सामना शांततेंत पार पडला. समितीनें समाधान व्यक्त केलें.

कुंपणानें काय साधलें तें आम्हीं त्यानंतर दोनतीन वर्षें मुद्दाम पाहिलें. दगड थांबले, हें खरें. घोषणा मात्र अधिक ओंगळ झाल्या, कारण ज्याच्याविषयीं त्या द्यावयाच्या तो आतां समोरचा ठिपका झाला होता. एकदां पाहुण्या महाविद्यालयाचा एक विद्यार्थी चुकून आमच्या मुलांत येऊन बसलेला दिसला. त्याच्या संघानें गोल केला. त्याचे हात अर्धे वर गेले, आणि मग त्यानें ते केंसांवरून फिरविले, जणू केंसच सारखे करावयाचे होते. तो एकत्र बसला होता खरा. पण आपला आनंद गिळून. त्या मुलाकडे पाहून आमच्या मताची एक बाजू ढासळली. दुबळ्या संख्येच्या पक्षास स्वतंत्र जागा देणें हें कित्येकदां बहिष्कार नसून आतिथ्य असतें. तेथें त्यास मोकळेपणानें ओरडतां तरी येतें. बहुसंख्यांनीं 'आमच्यांतच बसा ना' म्हणावें, यांत प्रेम असेल, पण त्याची किंमत बहुधा पाहुण्यानेंच चुकवावयाची असते.

त्याच सामन्यांत कुंपणाच्या एका टोकास दोन मुलें बांबूला टेकून उभीं होतीं, एक अलीकडे, एक पलीकडे. एका गांवचीं असावीं. फुटाण्यांची पुडी बांबूंच्या फटींतून इकडून तिकडे जात होती, व दोघेहि आपापल्या संघासाठीं ओरडत होते. वाद घालतांना पुडी थांबे. वाद संपला कीं पुन्हां हात पुढें होई.

येत्या महिन्यांत समितीची बैठक आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांस दोन महाविद्यालयांच्या जागा राखून मधला भाग, ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठीं, कुंपणावांचून मोकळा ठेवावा, अशी सूचना आम्ही लिहून ठेवली आहे. कोणावर सक्ति नाहीं. ज्यास ओरडावयाचें आहे त्यानें आपल्या लोकांत ओरडावें, ज्यास शेजार हवा त्यास तो मिळावा. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांस ती वाचून दाखविली. ते सज्जन आहेत, व भुवई फुटलेल्या त्या मुलास त्या दिवशीं त्यांनींच आपल्या गाडींतून रुग्णालयांत नेलें होतें. सूचना ऐकून ते म्हणाले, "सर, मधल्या भागांत पुन्हां कुणाचें डोकें फुटलें, तर त्याच्या आईला पत्र तुम्ही लिहाल काय?" आम्ही थोडा वेळ गप्प होतों. मग, लिहूं, असें सांगून आम्हीं सूचनेखालीं सही केली, व कागद त्यांच्यापुढें सरकविला. तो त्यांनीं अजून परत केलेला नाहीं.