पुरलेला क्रूस

आयर्लंडमध्ये डब्लिन शहराजवळ फिंगलस नावाचं एक खेडं होतं. गावात संत कॅनिसच्या नावाचं जुनं चर्च होतं आणि शेकडो वर्षांपूर्वीचा एक दगडी क्रूस होता. त्याच्या भुजांना जोडणारं कडंही दगडातच घडवलेलं होतं. कित्येक पिढ्या त्याच्यापुढे नतमस्तक झाल्या होत्या.

१६४९ साली इंग्रज सेनापती क्रॉमवेलचं सैन्य इंग्लंडहून आयर्लंडात उतरलं. हे सैन्य आपला क्रूस फोडून टाकेल, या भीतीने गाव हादरलं. गावाकडे ना तट होता, ना तोफा. गावकऱ्यांनी खड्डा खणला. क्रूस खाली उतरवला, खड्ड्यात निजवला आणि वरून माती लोटली.

वर्षं गेली. त्या जागेवर गवत वाढलं. क्रूस पुरणारे म्हातारे झाले, तेव्हा त्यांनी आपल्या मुलांना ती जागा सांगितली. मुलांनी पुढे आपल्या मुलांना सांगितली. सांगणारे मातीआड गेले, पण सांगणं थांबलं नाही.

१८१६ साली रॉबर्ट वॉल्श नावाचे पाळक त्या गावात होते. पुरलेल्या क्रूसाची गोष्ट त्यांच्या कानी आली. गोष्ट फार जुनी होती. ऐकून सोडून दिली असती, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. पण ते विचारपूस करत राहिले. अखेर गावातला एक म्हातारा भेटला. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली जागा त्याने सांगितली.

तिथे खणायला सुरुवात झाली. माती बाजूला होत गेली आणि खाली दगड लागला. १६७ वर्षांनी क्रूस उजेडात आला. तो चर्चच्या दफनभूमीत उभा करण्यात आला. फिंगलस आता डब्लिनचंच उपनगर झालं आहे, पण क्रूस त्या दफनभूमीत आजही आहे.

ज्यांनी क्रूस पुरला, त्यांना तो पुन्हा उभा राहिलेला दिसला नाही. मधल्या पिढ्यांनी तर तो कधी पाहिलाच नव्हता. तरीही न पाहिलेल्या ठेव्याची खूण त्यांनी इमानाने पुढच्यांच्या हाती दिली. आणि शेवटी ती खरी मानून ऐकणारा एक माणूस भेटला. वारसा असा दोघांच्या बळावर टिकतो, सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या. म्हणून घरातलं म्हातारं माणूस जुनं काही सांगू लागलं, तर त्याच्यापाशी बसावं, नीट ऐकावं आणि ऐकलेलं मुलांना सांगावं.