चुकायचा हक्क

अंकासाठी लेख द्या असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, फुटबॉलवर लिहितो. संपादकमित्र जरा गप्प झाले. मग म्हणाले, "दोस्त, पोरांना विचार पाहिजे." विचारच देतोय. फक्त तो पुस्तकाच्या कपाटातून न काढता चहाच्या टपरीवरून उचलून आणलाय. माझी अर्धी शाळा तिथंच झाली.

प्रश्न साधा आहे. खेळणारा चुकला की बघणारा त्याला शिव्या देतो. देऊ दे, तेवढा त्याचा हक्क आहे. पण ती शिवी लागते कुठं? चुकीला, माणसाला, की त्याच्या आईबापाला?

18 डिसेंबर 2022. कतारमधल्या लुसैलला वर्ल्ड कपची फायनल, आर्जेंटिना आणि फ्रान्स. आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाली. खामगावात आमच्या टपरीवर एका मोबाइलभोवती बारा-पंधरा डोकी. त्यातल्या निम्म्यांनी फुटबॉलला कधी पाय लावलेला नाही. आपल्याकडे खेळायचं ते कबड्डी, नाहीतर टेनिस बॉलवरचं क्रिकेट. पण डोळे सगळ्यांना असतात. 36 व्या मिनिटाला दि मारियानं दुसरा गोल केला. 41 व्या मिनिटाला फ्रान्सच्या देशाँनं हाफटाइमचीही वाट न बघता जिरू आणि डेम्बेले दोघांना बाहेर काढलं. झालं, टपरी पेटली.

"डेम्बेलेनंच पेनल्टी देली ना बे. त्याले काढाचंच होतं."

"मंग जिरूनं काय घोडं मारलं? बॉलच त्याच्यापर्यंत येत नाही तं तो काय करीन?"

पुढं 64 व्या मिनिटाला आर्जेंटिनाच्या स्कालोनीनं दि मारियाला काढलं आणि अकुन्याला आणलं. दोन गोल वर आहोत, आता राखू, असा हिशेब. आणि 80 आणि 81, लागोपाठच्या मिनिटांना एम्बापेनं दोन्ही गोल फेडले. ज्या पोराला आठ तास खात्यात तोंड उघडता येत नाही, तो उठून उभा राहिला आणि स्कालोनीची हजेरी घ्यायला लागला. दोन गोल वर असल्यावर राखायचं की तिसरा मारायचा, यावर जे बोलणं झालं ते मी कुठल्या शिबिरातही ऐकलेलं नाही. कुणी म्हणे दमला होता म्हणून काढलं. कुणी म्हणे दमलेला दि मारिया उभा असला तरी त्याच्या भीतीनं फ्रान्सचे दोघं मागं थांबले असते.

हसू नका. या टपरीचा एक कायदा आहे, कुणी लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. "तो बेकारच हाय" एवढं म्हणून कुणाला सुटता येत नाही. लगेच प्रश्न येतो, "कोणत्या मिनिटाले? काय केलं त्यानं? मंग काय करायले पाह्यजे होतं?" मिनिट सांगा, जागा सांगा, दुसरी वाट कोणती होती ते सांगा. एवढं सांगता आलं तर शिवी द्यायची परवानगी. मला तर हे तालुक्याच्या कोर्टापेक्षा बरं वाटतं.

त्या फायनलचा निकाल पेनल्टीवर लागला. फ्रान्सच्या कोमानची किक मार्टिनेझनं अडवली, चुआमेनीची बाहेर गेली. आर्जेंटिना 4-2. आता कायद्याप्रमाणे बोलायचं तर कोमाननं कुठल्या कोपऱ्यात मारायला हवी होती, यावर बोलायला पाहिजे. पण मॅच संपल्या संपल्या त्या दोघांच्या इन्स्टाग्रामवर लोकांनी माकडांची चित्रं टाकली. दोघंही काळे.

त्याच्या आदल्या वर्षी, 11 जुलै 2021 ला, लंडनच्या वेम्बलीवर युरोपच्या फायनलमध्ये इंग्लंडचे रॅशफर्ड, सांचो आणि साका पेनल्टी चुकले. साका 19 वर्षांचा पोरगा. रॅशफर्ड आणि सांचोला तर साउथगेटनं अगदी शेवटच्या क्षणी, नुसती पेनल्टी मारायला आत आणलं होतं. दोन तास बाकावर बसलेल्या माणसाच्या पायात एकदम ती किक द्यावी का? भांडायचं तर यावर भांडा, साउथगेटशी भांडा. पण शिव्या गेल्या तिघांच्या कातडीला. गंमत अशी, की त्याच शूटआउटमध्ये इटलीचे बेलोत्ती आणि जॉर्जिन्योही चुकले होते. त्यांचं कूळ कुणी काढलं नाही.

कुणी म्हणेल, इटली जिंकली म्हणून ते सुटले. बरं. 1994 च्या वर्ल्ड कपची फायनल घ्या. इटलीचा रॉबर्तो बॅज्जो शेवटची पेनल्टी वरून मारतो, इटली हरते. त्या एका किकचा प्रश्न त्याच्या मागं जन्मभर लागला. पण बॅज्जोच्याच मागं लागला. इटलीतले सगळे गोरे किक मारायला नालायक, असं कुणी ठरवलं नाही.

आता त्याच्यासमोर बार्बोसा ठेवा. 16 जुलै 1950, रिओचं माराकाना मैदान. ब्राझीलला वर्ल्ड कपसाठी उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरत होती. ब्राझीलनं पहिला गोल केला, उरुग्वेनं फेडला. त्या वेळी उजवीकडून आलेल्या गिजियानं बॉल मधे दिला होता आणि स्कियाफिनोनं मारला होता. 79 व्या मिनिटाला तोच गिजिया त्याच बाजूनं परत आला. गोलकीपर बार्बोसाला वाटलं, हा पुन्हा मधे देणार. तो एक पाऊल तिकडं सरकला. गिजियानं सरळ जवळच्या खांबाकडून आत मारला. मला विचाराल तर बार्बोसानं विचार करून पाऊल टाकलं होतं. तेरा मिनिटांपूर्वी जे झालं त्यावरून टाकलं होतं. ती कड दोनदा उघडी कशी पडली, हा खरा प्रश्न. पण बार्बोसा काळा होता. शिव्या त्याला आणि बचावातल्या दोन काळ्या खेळाडूंना पडल्या. काळा माणूस गोलमध्ये भरवशाचा नसतो, ही समजूत त्या देशात घट्ट बसली. पुन्हा एक काळा गोलकीपर, दिदा, ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा म्हणून वर्ल्ड कपला उभा राहायला 2006 उजाडलं. छप्पन वर्षं. आणि बार्बोसा 2000 साली मेला तोवर तो 79 व्या मिनिटातच उभा होता.

बॅज्जोवर एका चुकीचं ओझं पडलं. बार्बोसाच्या एका पावलाचं ओझं त्याला कधी न पाहिलेल्या पोरांवरही पडलं. मी सांगतोय तो फरक एवढाच आहे.

लांबचं झालं म्हणता? 4 ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिम्पिक, बायकांच्या हॉकीची सेमीफायनल. भारत आर्जेंटिनाकडून 2-1 नं हरला. आर्जेंटिनाचे दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर. बोलायचं असेल तर पेनल्टी कॉर्नर अडवायला आपल्या पोरी कशा धावल्या यावर बोला, तासभर बोला. पण हरिद्वारजवळच्या रोशनाबादला वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजले. घरच्यांनी पोलिसांत दिलेल्या तक्रारीत सांगितलं, की माणसं जातीवरून शिव्या देत नाचत होती आणि म्हणत होती, संघात दलित फार झाले म्हणून हरलो. चार दिवस आधी, 31 जुलैला, याच वंदनानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय बाई. तेव्हा ती भारताची लेक होती. चार दिवसांत जात परत आली.

मी गिरणीत साच्यावर काम करतो. गिरणीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या गेटवर माझं नाव लागेल. धागा सगळ्यांच्याच हातून तुटतो. खात्यात ओल कमी असली की तुटतो, कापूस कच्चा आला की तुटतो. पाटलाच्या पोराच्या साच्यावर जास्त तुटायला लागला की मिस्त्री येतो, साचा उघडून बघतो. आमच्या वस्तीतल्या पोराच्या साच्यावर तुटला की साचा कुणी उघडत नाही. म्हणतात, "या लोकायचं असंच असते." बघा, एका वाक्यात तो पोरगा गायब झाला. उरले 'हे लोक'. कोणत्या मिनिटाले, काय केलं, कुणी विचारत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेतच नव्हते. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमची थुंकी लागलेला धागा दुसऱ्याच्या तोंडात जायला नको. पगार मात्र त्याच खात्यात चांगला. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट ऐरणीवर आणली. मैदानात उतरवायचंच नाही, हा जातीचा पहिला डाव. उतरवावंच लागलं तर चुकू द्यायचं नाही, हा दुसरा. पहिल्यावर आपण पुष्कळ बोललो, लिहिलं, मोर्चे काढले. दुसऱ्यावर आपल्याला शब्दच सुचत नाहीत, कारण चूक झालेली असते ना! खरोखर झालेली असते. मग मान खाली जाते.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिलं, की जात बाजूला ठेवून माणसाचा गुण ओळखायची ताकद हिंदू माणसात राहिलेली नाही. मी त्याला माझ्या तोकड्या बुद्धीनं एक पुरवणी जोडतो. दोष ओळखायची ताकदही राहिलेली नाही. गुणाचं एक वेळ बरं, तीन गोल फळ्यावर दिसतात, ते नाकारायला निर्लज्ज व्हावं लागतं. दोष मात्र कुणालाही कुठंही चिकटवता येतो. तो जिथला तिथंच ठेवायचा, तर आधी समोर एक माणूस दिसावा लागतो.

आपल्या मुलखात संघनिवडीवरून जुनं आणि मोठं भांडण झालं ते क्रिकेटमध्ये. पळवणकर बाळू, चांभार समाजातले, डावऱ्या हाताचे फिरकी गोलंदाज. पुण्याला गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदान राखायची नोकरी आणि साहेबांना सरावाला बॉल टाकायचं काम. तिथून हिंदूंच्या संघात. मैदानात त्यांनी हाताळलेला बॉल सगळ्यांना चाले. चहाच्या वेळी त्यांचा कप मात्र वेगळा, आणि तोही बाहेर. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार कोण, तर पतियाळाचे महाराज. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी सगळ्या दौऱ्यात शंभरावर विकेट घेतल्या. तरी हिंदूंचं कर्णधारपद वर्षामागून वर्षं त्यांच्या दारावरून जात राहिलं. कर्णधार झालेले पै स्वतः जाहीरपणे म्हणाले, हा मान बाळूंचा होता. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ संघाबाहेर पडले आणि वाद वर्तमानपत्रांत गेला.

आता जरा आपल्या घरात या. जयंतीच्या बॅनरवर आपण बाळूंचा फोटो लावतो, 1911 सांगतो. 1937 सांगत नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीत बाळू मुंबईत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते, आणि पडले. ज्यांना हे ठाऊक आहे त्यातला एक पोरगा मला म्हणाला, "गद्दाराचा फोटो कायले?" मला दोन्ही पटत नाही. एक जण चूक लपवतो, दुसरा चुकीत माणूस बुडवतो. बाळूंना चुकू कुणीच देत नाही. मी म्हणतो, ते चुकले. 1937 साली, त्या जागेवर, त्या पक्षाच्या तिकिटावर. दुसरी वाट होती, उभंच राहायचं नाही. इथं माझा आरोप संपला. त्यानं 1911 ची एकही विकेट कमी होत नाही, आणि त्या विकेटांनी 1937 पुसलंही जात नाही.

यावर एक कार्यकर्ता मला म्हणाला, "ही चैन आपल्याले परवडते का? आपला एक पडला का मागच्या दहा जणायचं दार बंद होते." खरं आहे. दार बंद होतं. पण म्हणून ते दार आपणच आतून लावून घ्यायचं? आमच्या वस्तीतली एक मुलगी बारावीला गणितात नापास झाली. त्याच वर्षी गावातल्या एका बड्या घरची मुलगीही नापास झाली. तिला शिकवणी लागली. आमच्या पोरीला आपल्याच माणसांनी ऐकवलं, समाजाचं नाव घालवलंस. सतरा वर्षांची पोरगी, आणि गणिताच्या पेपरात सगळा समाज डोक्यावर घेऊन बसलेली. तिला कोणतं गणित अडलं, ते कुणी विचारलंच नाही.

विठ्ठलबद्दल मात्र एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. 1923 साली ते हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघानं युरोपियनांना हरवलं. आपण ते अभिमानानं सांगतो, सांगावंच. पण समजा, हरले असते. फिल्डिंग चुकीची लावली असती, बॉलर बदलायला उशीर केला असता. कर्णधाराकडून असं होतंच, महाराजांकडूनही झालं असेल. त्या संध्याकाळी मैदानातून घरी जाणारी ती हिंदू गर्दी काय बोलत गेली असती? बॉलर दोन ओव्हर आधी बदलायला हवा होता, एवढंच बोलली असती?