वस्तू आणि वचन

नवा फोन घ्यावयास गेलो, तेव्हा विक्रेता कॅमेऱ्याचे गुण वर्णीत होता. मी एवढेच विचारले, "याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार?" गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ करिता आणि सॅमसंगने २०२४ साली गॅलॅक्सी एस २४ करिता सात वर्षांचे वचन दिले. परंतु ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजावयाची, आपण घेतल्यापासून नव्हे. तीन वर्षांपूर्वीचे असे मॉडेल स्वस्तात घेणाऱ्याच्या वाट्याला चारच वर्षे येतात.

मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यानुसार विक्री म्हणजे मालकीचे हस्तांतर. येथे वस्तू माझी होते. तिच्यातील नव्याने उघडकीस येणाऱ्या चोरवाटा बुजविणे मात्र उत्पादकाच्याच हाती राहते. म्हणजे आपण वस्तूबरोबर एक वचनही विकत घेतो, आणि त्याची मुदत पाहणे हे शहाणपणच होय.

पण हे शहाणपण केवळ स्वतःपुरतेच असावे काय? माझ्या जुन्या फोनचे अपडेट संपले होते. तो मी आईला देणार होतो. तिचे निवृत्तिवेतन ती फोनवरच पाहते. जे मला धोक्याचे, ते तिला चालेल, असे मी कोणत्या न्यायाने ठरविले? विक्रीत ग्राहकाच्या पाठीशी कायदा असतो. घरातल्या देण्याघेण्यात देणाऱ्याच्या सदसद्विवेकावाचून दुसरी हमी नसते.

नवा फोन आईकडे गेला. जुना मी वापरतो. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करीत नाही.