ठिपके आणि दिवे

इशिहाराच्या पुस्तिकेतल्या पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो. तो दिसावा म्हणूनच छापलेला असतो. खरी परीक्षा दुसऱ्या पानापासून सुरू होते. तिथे इतरांना ८ दिसतो, मला ३. पुढच्या एका पानावर त्यांना २९ दिसतो आणि मला स्वच्छ ७०. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी ही पानं १९१७ साली प्रसिद्ध केली. शंभर वर्षं उलटली, विमानं कापडी पंखांची होती ती जेटची झाली, तरी वैमानिक व्हायला निघालेल्या पोराचं पुष्कळसं भवितव्य अजून त्या ठिपक्यांवर ठरतं.

मी धुळ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. प्रकाश, तरंगलांबी, वर्णपट हे सगळं वर्षानुवर्षं फळ्यावर काढतो आणि लाल-हिरव्यात स्वतः गोंधळतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं ते दोंडाईच्याकडच्या आमच्या शेतात, मिरचीच्या तोडणीला. माझ्या सरीत पिकलेल्या मिरच्या झाडालाच राहायच्या. आई मागून यायची, ‘तुले दिखत नही का रे?’ मग मी बोटांनी तोडायला शिकलो. पिकलेली मिरची दाबली की जरा मऊ लागते. वेळ जास्त लागायचा, पण टोपलीत चुकीची मिरची क्वचितच जायची. माझ्या आईच्या वडिलांनाही तसंच असावं, कारण हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि आईला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

आमच्याकडे छोट्या विमानांचं अप्रूप राहिलेलं नाही. गोंदूरच्या धावपट्टीवरून बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं उडतात, शिरपूरला एनएमआयएमएसची अकादमी आहे, आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या ५ विमानतळांत जळगावही होतं. साहजिकच वर्गात दरवर्षी दोन-चार जणांना पायलट व्हायचं असतं. त्यातल्या एकाने मला स्टाफरूमबाहेर गाठलं. चष्म्याच्या दुकानात कोणीतरी त्याला ती पानं दाखवली होती आणि तो अडकला होता. त्याचा प्रश्न सरळ होता: ‘सर, पानं पाठ केली तर? सगळी नेटवर आहेत. तुम्ही घोकून घ्या माझ्याकडून.’

मी नाही म्हटलं. ते बरोबरच होतं. पण नाही म्हणताना माझ्या आवाजात जी धार आली ती कुठून आली, हे मी तेव्हापासून तपासतो आहे. त्याला मी प्रामाणिकपणा आणि प्रवाशांचे जीव यांवर व्याख्यान दिलं. आत मात्र वेगळंच चाललं होतं. मला जे मिळालं नाही ते यानं फसवून का मिळवावं, असं वाटत होतं. म्हणजे त्यात हेवा होता. दुसरं, उद्या काही झालं तर माझं नाव नको, हेही होतं. प्रवासी तिसऱ्या क्रमांकावर होते.

आणि एरवी मी काय बोलतो? एरवी मी रंगदोष असलेल्यांच्या बाजूने तावातावाने बोलणारा माणूस आहे. त्या बोलण्याचीही झडती घ्यायला हवी.

माझा आवडता मुद्दा असा. रात्री उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टीच्या बाजूला ४ दिव्यांची रांग दिसते, तिला पापी म्हणतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर. चारही पांढरे म्हणजे विमान फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली. आता ठिपक्यांतला ८ न दिसणाऱ्या माणसाला हा लाल आणि हा पांढरा वेगळे दिसतील की नाही? काहींना दिसतात, काहींना नाही. पानं ते सांगत नाहीत. दोष आहे एवढं ती पकडतात; काम जमेल का, हा प्रश्न त्यांना विचारलेलाच नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकातही अट आहे ती काम सुरक्षितपणे करायला लागणारे रंग ओळखण्याची, आणि पानांत नापास झालेल्याला विमानवाहतुकीतले रंगीत दिवे ओळखून दाखवण्याची वाट तिथे ठेवलेली आहे. ऑस्ट्रेलियात आर्थर पेप या डॉक्टरने, ज्याला स्वतःला हा दोष होता, १९८० च्या दशकात लढा दिला. १९८९ च्या डेनिसन खटल्याच्या निकालानंतर तिथे असे वैमानिक रात्रीही उडू लागले. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीने संगणकावरची चाचणी तयार केली, जी दोष किती आहे ते आकड्यात सांगते. तिच्या आधारे २००९ मध्ये ब्रिटनच्या विमानवाहतूक प्राधिकरणासाठी झालेल्या अभ्यासातून निघालं की रंगदोष असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जण हे काम निर्धोक करू शकतात.

इथपर्यंत मी खुशीत सांगतो. मग टॅलाहासी येतं आणि माझा आवाज खाली जातो. २६ जुलै २००२, पहाटेच्या अंधारात फेडेक्सचं बोइंग ७२७ अमेरिकेतल्या त्या विमानतळाच्या अलीकडेच झाडांवर आदळलं. विमान उडवत होता तो सहवैमानिक रंगदोषाचा होता, सवलतीच्या प्रमाणपत्रावर उडत होता. समोर पापीचे लाल दिवे होते. चौकशीत थकवा आला, कार्यपद्धती न पाळणं आलं, आणि हातभार लावणाऱ्या कारणांत त्याची रंगदृष्टीही आली. तिघेही वाचले, हे नशीब.

यावर माझ्याकडे उत्तर तयार असतं: कॉकपिटमध्ये आणखी दोघे होते, त्यांची रंगदृष्टी ठीक होती, त्यांनीही ते लाल दिवे पाहून कुणाला थांबवलं नाही. मुद्दा खरा आहे. पण तो मी ज्या चपळाईने पुढे करतो तीच मला खटकते. माझ्या बाजूचा नसता तर हाच युक्तिवाद मी पळवाट म्हणून उडवून लावला असता. खरं तर टॅलाहासी मला आणखी एक गोष्ट शिकवतं, जी मी भाषणात घेत नाही. त्या माणसाला मिळालेली सवलतच ढिली होती. म्हणजे न्याय हवा असेल तर चाचणी सोपी करून चालणार नाही. कामाशी जुळणारी हवी, आणि तिच्यात नापास होण्याची खरी शक्यता हवी. माझा दोष ज्या प्रतीचा आहे त्यावरून अशा चाचणीत मी स्वतः बहुधा नापासच होईन. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

सुरक्षितता ही आमच्याकडे कागदावरची बाबही नाही. १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या अकादमीचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात पडलं. प्रशिक्षक गेले, प्रशिक्षणार्थी मुलगी जखमी झाली, आणि गावकऱ्यांनी तिला झोळी करून डोंगरातून खाली आणलं. त्या अपघाताशी रंगदृष्टीचा संबंध जोडायचं काही कारण नाही. पण चाचणीबद्दल बोलताना ती झोळी डोळ्यांसमोर असावी, असं मी स्वतःला बजावतो.

भुसावळच्या रेल्वेवाल्यांना हा विषय नवा नाही. लोको पायलटच्या ए-वन मेडिकलमध्ये रंग ओळखावेच लागतात. सिग्नलचा लाल तो लाल, तिथे तडजोड नाही आणि नसावी. पण नोकरीत असताना मेडिकल अनफिट झालेल्याला रेल्वे दुसऱ्या कामावर घेते, रस्त्यावर सोडत नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये फिल्म एडिटिंगसाठी निवड होऊनही रंगदोषामुळे प्रवेश नाकारलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये हेच विचारलं, की या कामाला नेमकं काय लागतं ते पाहिलंत का? संस्थेला नियम बदलावा लागला. एडिटरच्या चुकीने विमान पडत नाही, हे कबूल. पण प्रश्न विचारण्याची पद्धत वैमानिकांनाही तीच लागू व्हायला हवी.

त्या पोराला मी नंतर पुन्हा बोलावलं. घोकून घेतलं नाही. त्याला सांगितलं की आधी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरकडून वर्ग २ ची, म्हणजे सुरुवातीची, वैद्यकीय तपासणी करून घे, खरं काय ते सांग, आणि निकाल काय लागेल ते लेखी घे. त्याला ते फारसं आवडलं नाही.

खानदेशातल्या पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी लागते आणि तिच्यात रंगदृष्टी पाहतात. प्रशिक्षणाचा खर्च लाखांत जातो. शेत गहाण टाकायच्या, फी भरायच्या आधी मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन रंगांची तपासणी करून घ्या. अर्धा तासही लागत नाही.