कोटणीसांनंतरचं बाओदिंग

डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १९१०चा जन्म. १९३८मध्ये काँग्रेसने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते गेले, जपान्यांशी लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, कम्युनिस्ट पक्षात गेले आणि ९ डिसेंबर १९४२ला बत्तिसाव्या वर्षी वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. चिनी पाहुणे सोलापुरात येतात, स्मारकात फुलं वाहतात. गोष्ट इथे संपवायची आपल्याला सवय आहे.

ते गेले तो थांगश्यान तालुका हपै प्रांतातल्या बाओदिंग भागात येतो. त्याच बाओदिंगमध्ये श्यूश्वै नावाचा दुसरा तालुका होता. ऑगस्ट १९५८मध्ये माओ तिथे आला. ‘मोठी झेप’ ही उत्पादन झपाट्याने वाढवायची त्याची मोहीम नुकतीच सुरू झाली होती. अधिकाऱ्यांनी पिकाचे असे आकडे सांगितले की एवढ्या धान्याचं करायचं काय, हाच माओला प्रश्न पडला. मग पेरा कमी करा आणि दिवसातून पाच वेळा जेवा, असा त्याचा सल्ला. गावोगाव सामुदायिक भोजनगृहं निघाली. घरची कढई, पातेली पोलाद गाळायच्या भट्टीत गेली.

आकडे कागदावर होते, पण सरकारने वसुली त्याच आकड्यांवरून केली. खोट्या पिकाचा हिस्सा खऱ्या पोत्यांतून उचलला गेला. पोती कमी भरली की शेतकऱ्यानेच धान्य दडवलं म्हणून मारहाण. घरातून धूर निघाला तरी झडती, कारण चूल पेटली म्हणजे आत दाणे असणार! सरकारी कोठारांत धान्य असताना बाहेर माणसं झाडांच्या साली खात होती. १९५९ ते ६१मध्ये किती मेले, याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. स्वतःचे वडील त्या उपासमारीत गमावलेले चिनी पत्रकार यांग जिशंग ३ कोटी ६० लाख म्हणतात. कुणी कुणाला रांगेत उभं करून गोळ्या घातल्या नाहीत, म्हणून याला हत्याकांड म्हणायला काही जण कचरतात. कोठाराला कुलूप लावून दारात पहारा बसवला आणि धान्य मागणाऱ्याला चोपलं, तर त्याला दुसरं काय म्हणायचं, हे मला कुणी समजावून सांगावं.

एकाने तोंड उघडलं होतं. १९४०च्या ज्या मोहिमेतले जखमी कोटणीसांच्या टेबलावर आले, तिचे सेनापती पेंग देहुआई तोवर संरक्षणमंत्री झाले होते. मूळ गावाकडे फिरून त्यांनी खरी स्थिती पाहिली आणि जुलै १९५९मध्ये लूशानच्या बैठकीत माओला पत्र लिहिलं. खासगी पत्र होतं, भाषाही नम्र होती. माओने ते छापून सगळ्यांना वाटलं. पेंग यांचं मंत्रिपद गेलं आणि त्यानंतर आकड्यांवर शंका घ्यायला कुणी धजावेना. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना झोडपून काढलं. १९७४मध्ये ते कैदेतच वारले.

आता आपला बहात्तरचा दुष्काळ आठवून पाहा. सोलापूर जिल्ह्यात पाऊस खरोखरच नव्हता. म्हणजे आपला दुष्काळ चीनपेक्षा जास्त खरा! खडी फोडायला बायाबापड्या उन्हात बसल्या, मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. हजेरीपटात घोळ होते, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडायची. पण तहसीलवर मोर्चा निघायचा, वर्तमानपत्रात बातमी यायची, विरोधक विधानसभेत मंत्र्याला धारेवर धरायचे. मे १९७३मध्ये राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल अतोनात झाले, पण भुकेने ढिगांनी माणसं मेली नाहीत. त्या मोर्च्यांत लाल बावटाही असायचा, हे विसरायचं कारण नाही. त्याच बावट्याने पुढे विडी कामगार बायांसाठी कुंभारीत दहा हजार घरांची वसाहत उभी करवून घेतली. तो इथे निवडणूक जिंकला तसा हरलाही. तिकडे हरण्याची सोयच नव्हती.

यांग यांच्या पुस्तकात हनान प्रांतातला एक प्रसंग आहे. भुकेने अंगावर सूज आलेली माणसं बरी होत नव्हती. पक्षाच्या स्थानिक सचिवाने डॉक्टरला विचारलं, कोणतं औषध कमी पडतंय? डॉक्टर म्हणाला, धान्य. त्याच्या निषेधाची जाहीर सभा भरली.

कोटणीस जगले असते तर १९५९मध्ये एकोणपन्नास वर्षांचे असते. बहुधा त्याच भागातल्या एखाद्या इस्पितळाचे प्रमुख, पक्षाचे जुने सभासद. सुजलेल्या पायांची रांग त्यांच्याही दारात लागली असती आणि केसपेपरवर रोगाचं नाव त्यांनाच लिहावं लागलं असतं. परक्या मुलखातल्या जखमींसाठी घरदार सोडून गेलेला माणूस, त्याने खरं तेच लिहिलं असतं असं वाटतं. मग पेंग देहुआईंचं जे झालं तेच त्यांचंही झालं असतं, आणि सोलापुरात फुलं घेऊन कुणी पाहुणे आले नसते.