ऋषिऋणाचे दफ्तर

मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मास येतो आणि त्यांपैकी ऋषिऋण स्वाध्यायाने फिटते, असे जे परंपरेने मानले, त्याचा अर्थ प्रबंधाच्या तळटिपा लिहिताना मला जसा उमगला तसा पोथीतून कधी उमगला नव्हता. २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात जन्मलेली झोटेरो ही मोफत संदर्भप्रणाली या ऋणाची, म्हणजे कर्ता, ग्रंथ आणि सन यांची, खतावणी इतकी चोख ठेवते, की एखाद्या फडणिसानेही मान डोलवावी. (मेंडेली ही तशीच दुसरी संदर्भप्रणाली २०१३ साली एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेकडे गेली, तेव्हा आपले दफ्तर कोणाच्या वाड्यात ठेवावे, हा प्रश्न निव्वळ सोयीचा नव्हे.) परंतु न वाचलेल्या ग्रंथाचीही नोंद झोटेरो तितक्याच निर्विकारपणे करते, मग नोंदलेले ऋण फिटले असे कोणत्या न्यायाने म्हणावे? माझ्या संग्रहात अशा न उघडलेल्या नोंदी पुष्कळ आहेत.