माझ्या हिशेबातले ज्येष्ठ

कोरोनाच्या काळात आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना काही झालं नाही, हे मी चारचौघांत अनेकदा सांगितलं आहे. सांगताना आवाजात समाधान असतं. त्या समाधानातलं खरं किती आणि सोयीचं किती, हे मनाशी तपासून पाहायचं मात्र राहून गेलं. आज ते करायला बसले आहे.

भीती खरी होती, हे आधी लिहून ठेवते. टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं. पासष्टच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये, असं सरकारनंच सांगितलेलं. मे २०२० मध्ये संजयनगर-मुकुंदवाडी, जयभीमनगर भागांतले आकडे वाढू लागले आणि घाटी रुग्णालयातल्या मृत्यूंच्या बातम्या रोज मोबाईलवर यायला लागल्या. त्यात नाव नसायचं; वस्ती असायची आणि वय असायचं. अमुक कॉलनीतली ६८ वर्षांची महिला, तमुक नगरातले ७२ वर्षांचे पुरुष. आई समोर शेंगा सोलत बसलेली असायची आणि मी ती वयं तिच्या वयाशी ताडून पाहायचे. जुलैत १० ते १८ तारखेपर्यंत शहर पुन्हा कडकडीत बंद झालं. त्या दिवसांत आईला फाटकापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही, याची मनाला टोचणी नाही. पुढे एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात धावत होते, तेव्हाच्या कडकपणाचीही नाही. तशी वेळ आली तर पुन्हा तेच करेन.

टोचतात ते मधले महिने. २०२० च्या दिवाळीत रुग्ण कमी झाले होते, बाजार उघडले होते. मी गुलमंडीवर, पैठण गेटला जाऊन गर्दीत खरेदी करून आले. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली मंदिरं उघडली. आई म्हणाली, "राजाबाजारात संस्थान गणपतीला जाऊन येऊ. आत नको, बाहेरूनच हात जोडते." मी तिला नियम सांगितला. नियम खोटा नव्हता. पण विषाणू घरात येणार होता तो माझ्यासोबत. गर्दीतून मी आले होते आणि पिशव्या तिच्याच खोलीच्या दाराशी ठेवल्या होत्या. तिचा धोका कमी करायचा, तर आधी माझं फिरणं कमी व्हायला हवं होतं. दुपारची निवांत वेळ, एक रिक्षा, दोघींच्या तोंडाला मास्क, एवढ्यात तिचं दर्शन झालं असतं. मी नको म्हटलं ते तिच्या जिवासाठी, की सणाच्या धबडग्यात माझा वेळ वाचावा म्हणून? देवाला स्मरून सांगायचं तर दुसरं कारण मोठं होतं. आईनं वाद घातला नाही. नेसायला काढलेलं इरकली लुगडं तिनं घडी मोडू न देता पुन्हा कपाटात ठेवलं.

त्याच वर्षी तिच्या भजनी मंडळातल्या दोघी गेल्या. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, जाता आलं नसतंच. पण बातमीही आम्ही भावंडांनी तिच्यापासून लपवून ठेवली. तिला सोसणार नाही, असं आम्ही परस्पर ठरवलं. तिनं नवऱ्याला पोचवलं, भावाला पोचवलं. तिला काय सोसतं, हे ठरवणारे आम्ही कोण?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली जो कायदा झाला, त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. या चारही बाबतींत माझी बाजू स्वच्छ आहे. रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपू दिल्या नाहीत. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरी आल्या, त्यांनी आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तेव्हा आकडाही चांगला आला. कायद्यानं मागावं ते सगळं मी दिलं. तिला विचारलं मात्र काहीच नाही.

आईच्या बाबतीत निदान माझ्या मनात माया तरी होती. मावशींच्या बाबतीत हिशेब फार वेगळा निघतो.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी मुकुंदवाडीहून यायच्या. आईच्या काळजीनं आम्ही त्यांना मार्चमध्येच "येऊ नका" म्हणून सांगितलं. पगार दोन-तीन महिने पूर्ण दिला, मग अर्धा, मग बंद. मावशींचं वय तेव्हा पासष्टच्या वरच होतं. ज्या म्हाताऱ्या माणसांना जपायचं, असं सगळीकडे सांगितलं जात होतं, त्यांत मावशीही होत्या. माझ्या डोक्यात मात्र त्या दाराबाहेर ठेवायचा धोका होत्या. एका खोलीत सहा माणसं झोपतात, तिथं सहा फुटांचं अंतर कुठून आणायचं? श्रावणबाळ योजनेचे तेव्हा महिन्याला १००० रुपये मिळायचे, आणि ते काढायला बँकेसमोर उन्हात रांग. आपल्या घरचे ज्येष्ठ सुरक्षित राहावेत म्हणून दुसऱ्या घरच्या ज्येष्ठाची मिळकत आम्ही थांबवली. शहरातल्या किती घरांनी हेच केलं असेल, ते ज्याचं त्यानं पाहावं. पुढे मावशी कामावर परत आल्या तेव्हा उंबऱ्यातच त्यांनी विचारलं, "आई बऱ्या हायेत ना?" मधल्या काळात मी त्यांना तेवढा एक प्रश्न फोनवरूनही विचारला नव्हता.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली. आईची नोंदणी माझ्या मोबाईलवर झाली, ओटीपी माझ्याकडे आला. ज्यांच्या घरात असा मोबाईल नव्हता त्यांना केंद्रावर कुणी नेलं, हेही मी पाहिलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात लसीकरण वाढावं म्हणून जिल्ह्यात आदेश निघाला: निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल नाही. आदेशामागचा हेतू मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण रेशनच्या दुकानासमोर प्रमाणपत्र शोधत उभं राहायची वेळ आईवर येणार नव्हती, म्हणून तो मला सोपा वाटला.

आता मावशींच्या पगारात आजारपणाची भरपगारी सुट्टी धरली आहे. आईला संस्थान गणपतीला नेऊन आणलं. तो २०२० चा पाडवा तिला परत मिळाला, असं मात्र मी म्हणणार नाही.

साथ ओसरली, पण एकटी म्हातारी माणसं आहेत तिथंच आहेत. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी, कधी रात्री, कधी पहाटे, गुडघे धरलेल्या माणसाला मोटार लावून ड्रम, बादल्या, पिंप सगळं एकट्यानं भरावं लागतं. मुलं पुण्याला किंवा परदेशात असलेलं असं एखादं घर तुमच्याही गल्लीत असेल. अडीअडचणीला ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत हेल्पलाईन क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो. तो मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फोनशेजारी लावून द्या. पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यांचं दार वाजवा, भरू लागा, आणि घाई न करता विचारा की त्यांना कुठं जायचं आहे का. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनाही विचारा.